‘ऑपरेशन नको’ हे कोण सांगणार?

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या रस्त्यांवर वर्दळ वाढते. धरणाच्या कालव्याखाली उभ्या असलेल्या उसासाठी इथले साखर कारखाने गाळपाच्या तयारीला लागलेले असतात. त्याच दिवसांत आसपासच्या गावांतून, धारूर-वडवणीच्या डोंगरपट्ट्यातून माणसांनी, भांड्याकुंड्यांनी आणि लेकराबाळांनी भरलेले ट्रक-ट्रॅक्टर पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या वाटेला लागतात. सिंदफणेवरच्या धरणानं तालुक्यात ऊस आणला, पण दुसऱ्याचा ऊस तोडायला बाहेर जाणं काही थांबवलं नाही. दवाखान्यांतली गर्दीही याच सुमाराला वाढते. पाच-सहा महिने गाव सुटणार, तेव्हा अंगावर काढलेलं दुखणं आत्ताच निपटलेलं बरं, असा हिशेब असतो.

या गर्दीवरून दोघांचा वाद चाललाय. एक आहेत शहरात स्वतःचा छोटा दवाखाना चालवणारे, शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर. दुसऱ्या आहेत उपकेंद्रापासून प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत सगळी नोकरी याच भागात करून निवृत्त झालेल्या सिस्टर. दोघंही या लेखासाठी उभी केलेली पात्रं आहेत. अशी माणसं कोणत्याही तालुक्यात दहा भेटतील, म्हणून त्यांना नावं दिलेली नाहीत. त्यांच्या बोलण्यातली वर्षं आणि सरकारी आकडे मात्र खरे आहेत. जागा औषधाच्या दुकानासमोरच्या बाकड्याची. चहा दुकानदाराकडून.

“२०१९ पासून बीडचा डॉक्टर म्हटलं की पुण्या-मुंबईचे लोक संशयानं बघतात,” डॉक्टर तक्रारीनंच सुरुवात करतात. “अहो, रात्री दोन वाजता बाई अडली, कुणाला साप चावला, तर कोण उठतं? देशातल्या ग्रामीण रुग्णालयांचा केंद्र सरकारचाच २०२२ चा हिशेब घ्या. लागतात तेवढ्या तज्ज्ञ डॉक्टरांच्या तुलनेत शंभरामागे जवळपास ऐंशी कमी. स्त्रीरोगतज्ज्ञ शंभरात चौऱ्याहत्तर कमी. मग बाई जाणार कुठं? आम्ही नसतो तर आरोग्यव्यवस्था म्हणून काय उरलं असतं, ते सांगा.”

“तुम्ही नसता तर लोकांचे हाल झाले असते, हे कोण नाही म्हणतंय?” सिस्टर म्हणतात. “माझ्या भाच्याचं अपेंडिक्स तुम्हीच काढलंय. पण साहेब, दार उघडं आहे एवढ्यावर भागतं का? आत गेलेली बाई काय गमावून बाहेर येते, तेच तर लोक विचारायलेत.”

लोक काय विचारत होते, ते पुन्हा एकदा नीट मांडायला हवं. २०१९ च्या जूनमध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत सांगितलं, की आधीच्या तीन वर्षांत बीड जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशयं काढली गेली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. तिच्यासमोर आलेल्या सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. म्हणजे शंभरात सतरा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत देशाचं प्रमाण शंभरात तीनच्या जरासं वर होतं.

“वयोगट वेगळे आहेत,” डॉक्टर लगेच बोट ठेवतात. “सतरा आणि तीन अशी सरळ तुलना होत नाही. आणि या बाईचं काम बघा. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं, बाळंतपणानंतर महिन्याभरात परत फडात उभं राहायचं. अंग बाहेर येणं, रक्तस्राव हे तिच्यात जास्त असणारच. त्यातली काही ऑपरेशनं गरजेचीच होती.”

“काही होती. पण नेमकी किती, ते आज कुणालाच सांगता येत नाही. का, माहितीये? ऑपरेशनच्या आधी बाईला काय होतं, ते धड तपासून कुणी लिहूनच ठेवलं नाही.”

डॉक्टर यावर गप्प बसतात असं नाही; ते दुसरीकडून येतात. त्यांचा हा मुद्दा खरोखर वजनाचा आहे. कारण इथं फक्त डॉक्टर लबाड आणि बाई भोळी असं ठरवून मोकळं होता येत नाही.

“सिस्टर, बाई स्वतः म्हणते, पिशवी काढून टाका. तुम्ही फडावर गेलाय कधी? नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, कधी पन्नास हजार, कधी लाखाच्या वर. एक दिवस कामावर नाही गेलं की खाडा, त्याचे पाचशे-हजार कापले जातात. पहाटे तीनला उठायचं. कोपीला न्हाणीघर नाही, संडास नाही, पाणी लांबून आणायचं. पाळीत कपडा बदलायला आडोसा उसाचाच. दर महिन्याला दोन-तीन खाडे पडणार, दुखणार, अंगावरून पांढरं जाणार. दोन लेकरं झालीत, आता या पिशवीचं काय काम, असं तिला वाटतं. तिचा हिशेब चुकीचा आहे का?”

“हिशेब तिचाच आहे,” सिस्टर म्हणतात. “पण त्यातलं अर्धं तिला कुणी सांगितलेलंच नसतं. पिशवीबरोबर अंडाशयं गेली की तिशीतच तिला रजोनिवृत्ती येते, हाडं ठिसूळ होतात, कंबर धरते, अंगाला गरम वाफा येतात. मग त्याच बाईला मोळी उचलवत नाही. खाडे वाचवायला गेली आणि कोयताच मोडून बसली. असल्या बायका मी बघितल्यात. त्यांना हे आधी सांगायला कोण होतं? तुम्ही म्हणाल, आम्ही सांगितलं. मग त्यांच्या कागदांवर कॅन्सरची भीती कुणी लिहिली?”

त्या कागदांबद्दल सिस्टर जे सांगतात ते जवळून बघण्यासारखं आहे. अशा बाईच्या घरी गेलं की ती फळीवरच्या डब्यातून प्लास्टिकची पिशवी काढते. आत रेशन कार्डाच्या झेरॉक्ससोबत दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड असतं, इंग्रजीत. सोनोग्राफीचा कागद असतो, त्यावरची चित्रं उन्हानं पुसट झालेली. निदानाच्या जागी गर्भाशय मोठं झालंय किंवा त्याच्या तोंडाला जखम आहे, एवढंच. गर्भाशयाच्या तोंडाशी लालसरपणा दिसणं हे पुष्कळ बायकांत असतं आणि तो कॅन्सर नसतो. पेशींच्या तपासणीचा अहवाल पिशवीत शोधूनही सापडत नाही. बाईला विचारलं तर ती सांगते, “पिशवीला सूज होती, ठेवली असती तर कॅन्सर झाला असता.” हे वाक्य जिल्ह्यात इतक्या जणींच्या तोंडी आहे की ते एकाच शाळेत पाठ केल्यासारखं वाटतं.

“आता हे घ्या,” सिस्टर म्हणतात. “अंगावरून जाण्यावर सरकारी दवाखान्यात हिरव्या रंगाचं औषधाचं पाकीट मिळतं. कीट नंबर दोन. ओटीपोटात दुखत असेल तर पिवळं, कीट सहा. फुकट. नवऱ्यालाही सोबत औषध द्यायचं असतं, नाहीतर परत होतं. पुष्कळ बायकांचं एवढ्यानं थांबलं असतं. उचलीतले पंचवीस-तीस हजार ऑपरेशनला घालायची वेळ आली नसती.”

“मग दिलं का नाही?” डॉक्टर विचारतात. “पाकीट तुमच्याच कपाटात होतं.”

या प्रश्नावर सिस्टर जे उत्तर देतात ते सरकारी नोकरीत असताना त्यांनी बहुधा दिलं नसतं. त्या म्हणतात, उपकेंद्रात तपासणीचं टेबल होतं, पण त्यावर लसीचे डबे आणि रजिस्टरं ठेवलेली असायची. आठवडा लसीकरण, कुटुंब नियोजनाच्या केसेस, मीटिंगा आणि माहिती भरण्यात जायचा. बाई दारात येऊन “पांढरं जातंय” म्हणाली तर तिला आत घेऊन, पडदा ओढून तपासायला कुणी मोकळं नसायचं. “आम्ही तिला लोहाच्या गोळ्या द्यायचो आणि म्हणायचो, मोठ्या दवाखान्यात दाखव. हे ‘मोठ्या दवाखान्यात दाखव’ म्हणणं फार सोपं असतं, साहेब. ती दाखवायला तुमच्याकडंच आली.”

डॉक्टर हसतात, पण त्यांनाही हे लागलेलं दिसतं.

या सगळ्या वादाचं मूळ याच जागी आहे, असं या लेखाचं मत आहे. बीड जिल्ह्यात दवाखाने कमी होते म्हणून हे घडलं नाही. ऊसतोड बाई ऑपरेशन थिएटरपर्यंत सहज पोचत होती. तिला पोचता येत नव्हतं ते तपासणीच्या टेबलापर्यंत, आणि ‘बाई, तुला ऑपरेशनची गरज नाही’ असं सांगणाऱ्या माणसापर्यंत. विकसनशील देशांत आरोग्यसेवा पोचवायची म्हटलं की डोळ्यांसमोर इमारती, यंत्रं आणि रुग्णवाहिका येतात. त्या हव्यातच. २०१४ मध्ये सुरू झालेल्या १०८ च्या गाड्यांनी कितीतरी जीव वाचवले आहेत. पण खालची पायरी रिकामी असताना वरची उंच केली की माणूस थेट वरच जाऊन आदळतो.

खालच्या पायरीवर काय सापडतं, हे महाराष्ट्रातच दाखवून झालेलं आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना एक तरी स्त्रीरोग होता. त्याआधी कधीही अशी तपासणी झालेल्या स्त्रिया फक्त ८ टक्के होत्या. रोग एवढा सार्वत्रिक आणि तपासणी एवढी दुर्मीळ असेल, तर पहिला कोण भेटतो यावरच बाईचं पुढचं आयुष्य ठरणार.

कॅन्सरच्या भीतीचं उत्तर तर शेजारच्या जिल्ह्यात आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या आणि टाटा स्मारक रुग्णालयाच्या पुढाकारानं ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. २००९ मध्ये निष्कर्ष आले: गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची तपासणी एकदाच झाली, तरी त्या गटात या कर्करोगानं होणारे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्म्यावर आले. तुलनेसाठी ठेवलेल्या गटाला तपासणी दिली नाही म्हणून या अभ्यासावर टीकाही झाली, आणि ती रास्त होती. पण खेड्यातल्या बायका तपासणीला येत नाहीत, हा समज त्यानं मोडला. ज्या गावांत तपासणी झाली ती गावं बीडच्या हद्दीपासून फार लांब नाहीत. भीती इकडे पोचली, तपासणी मात्र तिकडेच राहिली.

चहाचा दुसरा कप येतो. दुकानदार मध्येच बोलतो, “सोनोग्राफीवाल्या बायकांची गर्दी आता दिवाळीपर्यंत हटायची नाही,” आणि गिऱ्हाइकाकडे वळतो.

“बरं,” डॉक्टर नव्यानं मांडणी करतात. “खालची पायरी बांधायला तुम्हाला तीस वर्षं लागतील. तोवर काय? माझा उपाय साधा आहे. पैसा रुग्णाच्या हातात द्या. महात्मा फुले योजना आहे, आयुष्मान आहे, पाच लाखांचं कवच आहे. कार्ड दाखवायचं, कुठल्याही चांगल्या दवाखान्यात जायचं. सरकारनं दवाखाने चालवू नयेत, बिलं भरावीत. लोकांच्या खिशावरचा भार यानंच कमी झाला.”

भार कमी झाला हे खरं आहे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातल्या एकूण आरोग्यखर्चात लोकांनी खिशातून दिलेल्या पैशाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. त्याचं सगळं श्रेय विमा योजनांना देता येत नाही, सरकारी खर्चही वाढला. तरी तो २०२१-२२ मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १.८४ टक्केच होता. २०१७ च्या आरोग्य धोरणानं २०२५ पर्यंत अडीच टक्के गाठायचं ठरवलं होतं.

सिस्टर मात्र या योजनांच्या दुसऱ्या बाजूवर येतात. “आंध्रात आरोग्यश्री विमा योजना आली आणि गर्भाशयं काढायची लाट आली. राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत कुटुंबाला तीस हजारांचं कवच होतं. बिहारमध्ये, छत्तीसगडमध्ये २०१२ साली काय निघालं? त्याच कार्डावर बायकांची गर्भाशयं काढली गेली होती. कार्ड ऑपरेशनचे पैसे देतं. सात वेळा बोलावून, समजावून, औषधं देऊन ऑपरेशन टाळलं तर त्याचे पैसे कोण देतं? तुम्हीच सांगा, तुमच्या दवाखान्याचा हप्ता कशातून फिटतो?”

“ऑपरेशनमधून,” डॉक्टर सरळ सांगतात. “माझ्या ओपीडीची फी दीडशे रुपये. समजावण्यावर लाइट बिलसुद्धा निघत नाही. यात माझं काय चुकलं? व्यवस्था जसे पैसे देते तसा दवाखाना चालतो.”

त्यांच्या या कबुलीतच त्यांच्या उपायाची मर्यादा आहे. थायलंडचं उदाहरण विमा योजनांचे समर्थक नेहमी देतात: २००२ मध्ये तिथं भेटीमागे ३० बाट घेऊन सर्वांना उपचार द्यायची योजना आली आणि गाजली. त्याआधीची तीस वर्षं मात्र सहसा सांगितली जात नाहीत. १९७० च्या दशकापासून त्या देशानं नव्या डॉक्टरांना खेड्यात सक्तीची सेवा लावली, जिल्ह्याजिल्ह्यांत छोटी रुग्णालयं उभी केली, आणि १९८० च्या दशकात काही वर्षं शहरी रुग्णालयांच्या नव्या बांधकामाचा पैसा अडवून ग्रामीण भागाकडे वळवला. कार्ड आलं तेव्हा ते घेऊन जायला सरकारी दार तयार होतं. आपल्याकडे कार्ड आधी आलं. महाराष्ट्रात सरकारी महाविद्यालयातून शिकलेल्या डॉक्टरला एक वर्षाचा बॉण्ड आहे, पण वर्ष संपलं की तो पुण्याच्या गाडीत बसतो, आणि त्याला दोष देण्यातही फार अर्थ नाही.

जामखेडचं नाव निघणं अटळच होतं. ते पाटोद्याच्या पलीकडे, बीडच्या सीमेला लागून आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथं काम सुरू केलं आणि शाळेची पायरी न चढलेल्या, पुष्कळशा दलित असलेल्या बायकांना गावच्या आरोग्यसेविका केलं. सिस्टरांचा सगळा विश्वास या नमुन्यावर. डॉक्टरांना तो पटत नाही. “ती दोन माणसं होती म्हणून ते झालं. व्यवस्था माणसांवर चालत नाही. आणि तुमची आशाताई? २००५ पासून योजना आहे. ती पगारी नाही, प्रत्येक कामाचे मोजून पैसे. २०२३ मध्ये संपावर जावं लागलं, तेव्हा कुठं २०२४ मध्ये राज्यानं महिन्याला पाच हजारांची वाढ दिली. तिच्या खांद्यावर तुम्ही सगळा जिल्हा टाकणार?”

“टाकणार नाही. पण एक सांगते.” सिस्टर कप खाली ठेवतात. “आशाताईचं रजिस्टर बघा. दिवाळीनंतर निम्म्या घरांपुढं ‘स्थलांतरित’ लिहिलेलं असतं. गरोदर बाई, लेकरू, टीबीचा पेशंट, सगळे ‘स्थलांतरित’. आम्ही सहा महिने रिकाम्या घरांची आरोग्यसेवा करतो. आणि ते जिथं जातात तिथल्या आशाताईच्या यादीत ते नसतातच, कारण ते त्या गावचे नाहीत. टोळीतल्या एका बाईला शिकवा. तिच्या पिशवीत तापाच्या, लोहाच्या गोळ्या, ते हिरवं पाकीट द्या. ती त्यांच्याबरोबर फडावर जाईल. मला तिथं जाता येत नाही, तुम्हालाही येत नाही.”

डॉक्टर या एका गोष्टीला मान हलवतात. मग लगेच म्हणतात, “आणि मुकादम तिला त्या दिवसाचा खाडा लावील.”

हा टोला अचूक आहे. आरोग्य खात्यानं कितीही चांगलं केंद्र उघडलं, तरी फडावर संडास नसेल, पाळीच्या दिवशी सुट्टी म्हणजे दंड असेल आणि उचल फिटेपर्यंत बाईचं शरीर गहाण असेल, तर दुखणं तिथंच तयार होत राहणार. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे, मुंबई उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये ऊसतोड कामगारांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली, २०२४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं हीच कहाणी जगापुढे नेली. तरीही साखर कारखान्यांचा बचाव जुनाच: मजूर आमचे नाहीत, मुकादमाचे आहेत. साखर ज्याची, त्यानं आडोसाही द्यावा, यावर वाद व्हायचं कारण नाही. दोघंही या मुद्द्यावर झटकन एक होतात आणि झटकन पुढं जातात. तो कारखान्याच्या दारात उभं राहून बोलायचा विषय आहे, आणि माजलगावात ते दार लांब नाही.

शेवटचा वाद नियमावर होतो. २०१९ मध्येच बीडच्या प्रशासनानं ठरवलं, की जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय खासगी दवाखान्यात गर्भाशय काढायचं नाही. २०२२ मध्ये केंद्रानं गरज नसताना गर्भाशय काढणं रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर २०२३ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या राज्यांना त्या तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं.

“कागदी घोडे,” डॉक्टर म्हणतात. “खरंच रक्तस्राव होत असलेल्या बाईला मी परवानगीसाठी बीडला पन्नास-साठ किलोमीटर पाठवू? आणि ज्याला करायचंच आहे त्याला गोदावरी ओलांडली की परभणी जिल्हा. तिथं बीडचा नियम पोचतो का?”

“नियम सैल करू नका, परभणीलाही लावा,” सिस्टर म्हणतात. “आणि बाईला बीडला पाठवायचं नसेल तर तपासणारी डॉक्टरीण आठवड्यातून दोन दिवस तालुक्याला पाठवा. परवानगी म्हणजे शिक्का नव्हे, दुसऱ्यानं बाईला तपासणं.”

इथं लेखाचं झुकतं माप सिस्टरांकडे आहे. नियमाचा जाच होतो, हे डॉक्टरांचं म्हणणं खोटं नाही. पण जिथं रोज पैसा एकाच दिशेला ओढतो, तिथं उलट ओढणारी एक दोरी लागतेच. तिच्यावाचून काय होतं ते १३,८६१ या आकड्यात दिसलं आहे. आणि नुसती दोरीही पुरत नाही. २०२५ च्या जूनमध्ये पुन्हा बातमी आली: जिल्ह्यातून ऊसतोडीला गेलेल्या महिलांपैकी ८४३ जणींचं गर्भाशय जाण्याआधी काढलेलं होतं, त्यांतल्या ४७७ जणी ३० ते ३५ वयाच्या. परवानगीचा नियम लागू झाल्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती. ज्या वयात ऑपरेशन टाळायचे सगळे मार्ग आधी वापरून बघायचे असतात, त्या वयाच्या या बायका आहेत.

डॉक्टरांचा पेशंट आला म्हणून ते उठतात. सिस्टरांची पात्रुडची गाडी लागलेली असते. कुणी कुणाचं मत बदललेलं नाही.

वाचक या भागातला असेल तर त्याच्यासाठी चार गोष्टी. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी, औषधं आणि केसपेपर मोफत आहे. पैसे मागितले तर पावती मागा. घरातल्या बाईला पिशवी काढायचा सल्ला मिळाला असेल, तर बीडच्या सिव्हिलला किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दुसरं मत घ्या, आणि अंडाशयं ठेवणार की काढणार हे लेखी विचारा. कॅन्सरची भीती घातली असेल, तर तपासणीचा अहवाल हातात घेतल्याशिवाय होकार देऊ नका. आणि पुढच्या ग्रामसभेत, टोळ्या गाव सोडायच्या आत, एक प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घ्या: आपल्या उपकेंद्रात बायकांची आतली तपासणी कोणत्या वारी होते, आणि ती कोण करतं?